माप दोघांना एकच हवं

तायांनो, या महिन्याच्या बैठकीत ही गोष्ट वाचून दाखवा.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात बाळ मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांनाच नावं ठेवली गेली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना हे सहन झालं नाही. १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्री पुरुष तुलना' हे पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: जे दोष बाईच्या माथी मारता, ते पुरुषांतही आहेत. मग बोल एकटीलाच का? त्यांच्यावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले.

आता आपल्या चिकलठाण्याचं बघा. कर्ज ताईच्या नावावर, सहीही तिचीच. पैसा कुठे लावायचा, ते कोण ठरवतं? हप्ता थकला की बोलणी कोण खातं?

वहीत दोन रकाने आखा: बाई आणि पुरुष. उशिरा घरी येणं, स्वतःवर खर्च करणं, व्यवहारात नुकसान होणं. प्रत्येक गोष्टीला घरात दोघांना काय म्हणतात, ते लिहा. हे भांडणासाठी नाही. पुढचं कर्ज घेण्याआधी पैसा कशाला आणि हप्ता कोण भरणार, हे घरात दोघांनी बसून ठरवा.