फराटा, ओघळ, शिंतोडे

वाचण्याआधी : खोडरबर जवळ नसताना तुम्ही शेवटचं चित्र कधी काढलं होतं?

आमच्या न्यू जर्सीतल्या वाचनालयात एका शनिवारी शाईची कार्यशाळा होती. बाबांनी मला आणि आजोबांना दाराशी सोडलं. आजोबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आता ते चालतात, बोलतात. पण पेन धरलं की उजवा हात थरथरतो. एके काळी लग्नपत्रिकांवरची नावं लिहायला लोक त्यांच्याकडे येत. आता पेन्शनच्या कागदावर ते सहीऐवजी अंगठा देतात. "माझं अक्षर गेलं," असं ते एकदाच म्हणाले. नंतर घरात तो विषय कुणी काढला नाही.

आजोबा भिंतीजवळच्या खुर्चीवर बसले. मी टेबलाशी गेले. पेन्सिल नव्हती, खोडरबर तर नव्हताच. जुने टूथब्रश, दोरा, कंगवा, पुठ्ठ्याचे तुकडे आणि बांबूच्या बारीक काड्या होत्या.

मिस म्हणाल्या, "आज झाड, घर, मांजर काही काढायचं नाही. कागदावर चार चौकोन करा. राग, घाई, कंटाळा, शांतता. शब्द लिहायचे नाहीत, चेहरेही नाहीत. फक्त खुणा."

रागासाठी मी एक जाड, सरळ रेघ ओढली. शेजारचा मुलगा म्हणाला, "हा रस्ता आहे का?" मग मला खरंच राग आला. मी पुठ्ठ्याची कड शाईत बुडवली आणि कागदावर आपटली. या वेळी त्याने बरोबर ओळखलं!

मी कागद आजोबांना दाखवायला नेला. "आजोबा, याला मराठीत काय म्हणतात?"

"कशाकशाला?" त्यांनी चष्मा लावला. "ब्रश जोरात ओढलास, हा फराटा. टूथब्रशवर बोट फिरवलंस ना, ते शिंतोडे. इथे शाई खाली घरंगळली, तो ओघळ. आणि कंगव्याचे हे ओरखडे."

"आणि गिचमिड?"

"ती तू गृहपाठात करतेस."

मग मिसनी कागद ओला करायला सांगितला. ओल्या कागदावर ठिपका ठेवला की शाई पसरते आणि कडा धूसर होतात. कोरड्या कागदावर तोच ठिपका टोकदार राहतो. ब्रशवर शाई अगदी थोडी असेल, तर रेघेच्या मधेमधे पांढरा कागद दिसतो. मला ही तुटकी रेघ सगळ्यात आवडली.

मिसनी शाईची एक काळी वडीही आणली होती. चीन आणि जपानमध्ये काजळी आणि सरस एकत्र करून अशी वडी बनवतात आणि दगडावर पाणी घालून उगाळतात. "सहाणेवर चंदन उगाळतो तशी," आजोबा म्हणाले. आमच्या बाटलीतल्या शाईत मात्र लाख होती. ती वाळली की पाण्याने निघत नाही. माझ्या बाहीवरचा डाग अजून तसाच आहे.

बांबूची काडी पाहून आजोबा उठून टेबलाशी आले. "अगं, हा तर बोरू! शाळेत आम्ही बोरूनेच कित्ता गिरवायचो." टोक कसं तिरकं कापायचं ते त्यांनी सांगितलं, मिसच्या देखरेखीखाली मी कापलं. पहिली काडी चिरली. दुसरी जमली.

मिसनी वासुदेव गायतोंडे यांच्याबद्दल सांगितलं. त्यांचा जन्म १९२४ साली नागपूरला झाला. ते मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९८० नंतरच्या दशकात ते अपघातात जखमी झाले आणि मोठे कॅनव्हास रंगवणं त्यांना जमेना. तेव्हा त्यांनी कागदावर शाईने लहान चित्रं केली. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं, ते मिसनी पाहिलं होतं. मी हे आजोबांना मराठीत सांगितलं. 'जखमी' हा शब्द आठवेना, म्हणून "लागलं" म्हणाले.

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी बोरू शाईत बुडवला आणि माझ्या कागदावरच्या रिकाम्या चौकोनात, 'शांतता'च्या, एक आडवी रेघ ओढली. हात थरथरत होता. रेघ कुठे जाड, कुठे बारीक, मधे थोडी तुटलेली. वाऱ्याने हलणाऱ्या पाण्यासारखी.

मिस बराच वेळ ती पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "सही कराल?"

"अंगठा चालेल का विचार," आजोबा मला म्हणाले. मी विचारलं नाही. मी दौत त्यांच्याजवळ सरकवली.

त्यांनी आडनावाचं पहिलं अक्षर लिहिलं. मग शाई संपली, आणि त्यांनी बोरू पुन्हा बुडवला.

शब्दार्थ
बोरू : बांबूची किंवा वेताची टोक कापलेली लेखणी
दौत : शाई ठेवायचं लहान भांडं
सरस : जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला डिंकासारखा चिकट पदार्थ
कित्ता गिरवणे : नमुन्याचं अक्षर पुन्हा पुन्हा लिहिणे

करून पाहा
१. चार चौकोनांत चार भावना खुणांनी दाखवा. घरातल्या कुणाला तरी त्या ओळखायला सांगा. चुकीचं उत्तर आलं, तर तेही मराठीत लिहून ठेवा.
२. मुलीने अंगठ्याबद्दल मिसना का विचारलं नसेल? तीन-चार वाक्यं लिहा. खोडरबर न वापरता!