भाषेचा अडसर आणि परदेशातील मैत्री



भाषेची परीक्षा उत्तीर्ण होऊन परदेशी गेलेला विद्यार्थी तेथे व्याख्याने समजू शकतो, निबंध लिहू शकतो; तरीही अनेकदा एकाकी राहतो. असे का होते? या प्रश्नाच्या आधारे आपण ‘संप्रेषण-क्षमता’ ही संकल्पना समजून घेऊ.

संकल्पना

नोम चॉम्स्की यांनी १९६५ मध्ये ‘भाषिक क्षमता’ आणि ‘भाषिक प्रयोग’ असा भेद मांडला. डेल हाइम्स यांना तो अपुरा वाटला. व्याकरणशुद्ध वाक्य रचता येणे पुरेसे नाही; कोणाशी, केव्हा आणि कसे बोलावे, केव्हा मौन पाळावे, हे ज्ञानही भाषेच्या ज्ञानातच मोडते, असे त्यांनी प्रतिपादन केले. हीच संप्रेषण-क्षमता होय.

उदाहरण : जर्मनीतील मराठी विद्यार्थी

(१) संबोधन : जर्मन भाषेत ‘डू’ (तू) आणि ‘झी’ (आदरार्थी तुम्ही) असा भेद आहे. तो आपल्याला परिचित वाटतो. परंतु त्याची सीमारेषा वेगळी आहे. तेथील विद्यार्थी अनोळखी सहाध्यायालाही ‘डू’ म्हणतात. तेथे ‘झी’ वापरल्यास आदराऐवजी दुरावा व्यक्त होतो.

(२) अव्यये : ‘कॉम’ म्हणजे ‘ये’, ‘कॉम माल’ म्हणजे ‘ये ना जरा’. आपल्या ‘ना’, ‘की’, ‘बरं का’ यांप्रमाणेच अशा शब्दांत बोलण्यातील जवळीक साठवलेली असते. ती नसेल तर वाक्य शुद्ध असूनही कोरडे वाटते.

(३) बोली : श्टुटगार्ट परिसरातील श्वेबिश बोलीत ‘इस्ट’ (आहे) याचे ‘इश’ होते. वर्गातील प्रमाणभाषा समजते. पण भोजनगृहातील विनोद निसटतो.

पेच आणि मार्ग

ही क्षमता सहवासातूनच येते आणि सहवासासाठी तीच हवी असते, हा खरा पेच आहे. मराठी मित्रांसोबत राहिल्याने आधार मिळतो; मात्र सगळा फावला वेळ मराठीतच गेला, तर हा पेच सुटत नाही. जर्मन विद्यापीठांत रूढ असलेली ‘टँडेम’ पद्धत येथे उपयोगी पडते. तीत दोघे परस्परांना आपापली भाषा शिकवतात. दोघेही शिकाऊ असल्याने चुकण्याचा संकोच विभागला जातो, आणि भेटण्यास निमित्तही मिळते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

आपल्या गावी कामासाठी आलेल्या परप्रांतीय व्यक्तीला मराठी बोलताना कोणत्या अडचणी येतात? त्यांपैकी व्याकरणाच्या कोणत्या आणि संप्रेषणाच्या कोणत्या, ते तिच्याशी बोलून नोंदवा.