घोड्याला तारा लावण्याआधी

जुलैत पुण्याचा रेसचा मोसम सुरू झाला की तुला पागेतून बोलावणी यायला लागतील. कुणी ट्रेनर सांगेल, घोडा शेवटच्या वळणानंतर ढेपाळतो. कुणी सांगेल, ठोका चुकतोय, ईसीजी काढा. पोरी, लगेच मशीन उचलून धावू नकोस. आधी मोतद्दाराला काका म्हणून हाक मार आणि विचार: तोबरा पूर्ण संपवतो का, सकाळच्या कामानंतर श्वास बसायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का, नाकातून रक्त दिसलं होतं का. रात्रंदिवस त्या जनावराशेजारी असणाऱ्या माणसाला जे ठाऊक असतं ते ईसीजीच्या कुठल्याच पट्टीवर उमटत नाही.

मग स्टेथोस्कोप लाव, आणि पूर्ण मिनिटभर ऐक. निवांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४० एवढेच पडतात. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलंस तर तुझ्या हाती जेमतेम सात ते दहा ठोके येतात, त्यात एखादा इकडेतिकडे झाला की सगळा हिशोब बिघडला. पट्टीवरही तेच. माणसाच्या डॉक्टरांची सहा सेकंदांची पट्टी मोजायची सवय इथे उपयोगाची नाही. दोन-तीन मिनिटं सलग पट्टी काढ. कागद वाया जातो म्हणून कुणी कुरकुरलं तर कुरकुरू दे.

घोडा चुळबुळतो म्हणून झायलाझिन टोचायचा मोह होईल. टोचू नकोस. झायलाझिन काय, डिटोमिडिन काय, दोन्ही हृदय मंदावतात आणि धडधाकट घोड्याचेही ठोके गाळतात. मग पट्टीवर आलेला दोष घोड्याचा की इंजेक्शनचा, हे सांगणार कोण? त्यापेक्षा त्याच्याच ठाणावर, ओळखीच्या माणसाच्या हातात मोरखी देऊन, शेजारचा घोडा दिसेल असा उभा कर. दुपारची वेळ बरी, तेव्हा पागा शांत असते. जमीन ओली असेल तर रबराच्या मॅटवर घे. मशीन बॅटरीवर चालव, चार्जरची वायर काढून टाक, नाहीतर विजेची बारीक थरथर सगळ्या पट्टीवर पसरते आणि नेमकं जे बघायचं ते झाकून टाकते. माश्या बसल्या की घोडा कातडी थरथरवतो, तीही पट्टीवर उतरते. म्हणून एका पोराला फडकं घेऊन उभं कर.

आता तारा. चार पायांना चार चिमटे लावून माणसासारखा ईसीजी काढायचा खटाटोप करू नकोस. घोड्याला ते सोसत नाही, पाय जरा हलला की रेघ उडते, आणि त्यातून जास्तीचं काही कळतही नाही. आपल्याला हवी बेस-अपेक्स लीड. लाल तार उजव्या बाजूला, मानेच्या शिरेच्या खोबणीत, मानेचा दोन तृतीयांश भाग उतरून आल्यावर. पिवळी डाव्या बाजूला, कोपराच्या मागे, कोपराच्याच उंचीवर, जिथे हाताला ठोका लागतो तिथे. हिरवी आणि काळी दूर, आयाळ संपते त्या खांद्याच्या उंचवट्यावर. मशीनवर लीड एक निवड. एवढंच. काही मशीनच्या तारांचे रंग अमेरिकी पद्धतीचे असतात, तेव्हा रंगावर विसंबू नकोस. तारेवरची अक्षरं वाच: आर म्हणजे उजवी, एल म्हणजे डावी. चिमट्याचे दात कानशीनं घासून बोथट करून घे, थरोब्रेडची कातडी पातळ असते. स्पिरिटनं केस चिंब भिजव, जेल लाव, आणि विक्रीचा किंवा शर्यतीचा घोडा असेल तर मालकाला विचारल्याशिवाय केस भादरू नकोस.

पट्टी निघाली की मशीननं वर छापलेलं निदान वाचूच नकोस. ते मशीन माणसासाठी बनवलेलं असतं. या लीडमध्ये घोड्याचा क्यूआरएस खाली खोल जातो, तो पाहून मशीन बिचाऱ्या घोड्याला हृदयविकाराचा झटका आल्याचं लिहून मोकळं होतं. शिवाय घोड्याची टी लहर मोठी असते. मशीन तिलाही ठोका समजतं आणि ३६ च्या जागी ७२ छापतं. ट्रेनरच्या हाती तो कागद पडला की काय गोंधळ उडतो, ते मी पाहिलंय. तू स्वतः मोज.

पी लहरीला दोन शेंडे दिसतील. घाबरू नकोस, घोड्याचे वरचे कप्पे एवढे मोठे की आधी उजवा आणि मग डावा पेटताना वेगळे दिसतात. पी पासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर माणसात ०.२ सेकंदापुढे गेलं की डॉक्टर भुवया उंचावतात, घोड्यात ते अर्ध्या सेकंदाच्या जवळ गेलं तरी चालतं. टी लहर तर मनमौजी. घोडा बिचकला तरी ती उलटी-सुलटी होते. तिच्यावरून कुणी घोडा थकलाय, हृदय कमकुवत झालंय असं सांगू लागला तर ऐकून घे आणि सोडून दे.

मध्येच पी दिसेल आणि मागून क्यूआरएस येणारच नाही. नवखा डॉक्टर इथेच घोड्याला आजारी ठरवतो. उत्तम तयारीतल्या, निवांत घोड्यात व्हेगस नसेचा लगाम इतका घट्ट असतो की अधूनमधून एखादा ठोका असा गळतोच. तो आजार नव्हे. खात्री करायची तर घोड्याला थोडा दुडक्या चालीनं फिरवून आण आणि लगेच पुन्हा ऐक. ठोके वाढले आणि गळती थांबली, तर घोडा शाबूत. ठोके वाढूनही गळती चालूच राहिली, किंवा एकापाठोपाठ एक बरेच ठोके गळू लागले, तर मात्र त्याला कामाला लावू नकोस आणि वरिष्ठांना दाखव.

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा तो आजार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. लंडनला थॉमस लुईस यांनी १९११ च्या सुमारास, ईसीजीचं यंत्र अगदी नवं असताना, माणसाच्या हृदयाचा हा बेतालपणा घोड्यातही तसाच असतो हे दाखवून दिलं. पट्टीवर पी नाहीच, त्या जागी बारीक वेडीवाकडी थरथर, आणि क्यूआरएसमधल्या अंतराला कसलाही नेम नाही. यात फसवं काय आहे ते नीट ध्यानात ठेव. निवांत घोड्यात ठोक्यांची संख्या बहुधा नेहमीचीच असते. ठाणावर तो छान दिसतो, खातो-पितो, फक्त शर्यतीत जोर लावायची वेळ आली की हात टेकतो. म्हणून आकडा बघून समाधान मानू नकोस, अंतरं मोज.

कधी कधी हा बेतालपणा शर्यतीनंतर येतो आणि एक-दोन दिवसांत आपोआप निघून जातो. म्हणून घोडा ढेपाळला तर पट्टी त्याच दिवशी, शक्य तर मैदानातून परत आल्या आल्या काढ. परवा काढलीस तर सगळं सुरळीत दिसेल आणि दोष जॉकीच्या माथी जाईल. उपचाराची घाईही करू नकोस, ४८ तास वाट बघ. तरी बेतालपणा राहिला तर क्विनिडिन सल्फेट नाकातून नळीनं देतात, किलोला २२ मिलिग्रॅम, दर दोन तासांनी. ते मोठ्या दवाखान्यातलंच काम, पागेतलं नव्हे, कारण ते औषध स्वतःच हृदय बिघडवू शकतं. क्यूआरएसची रुंदी आधीच्यापेक्षा पाव भागानं वाढली की औषध थांबवायचं. म्हणजे पहिल्या पट्टीवरची रुंदी तुझ्याकडे लिहिलेली हवी.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगतो. घोडा विकत घेणारी माणसं तुला विचारतील, पट्टीवरून हृदय किती मोठं ते सांगा. ऑस्ट्रेलियात स्टील नावाच्या पशुवैद्यांनी १९६० च्या दशकात क्यूआरएसची रुंदी मोजून तिला हार्ट स्कोअर म्हटलं. जितकी रुंदी जास्त तितकं हृदय मोठं आणि घोडा वेगवान, असा तो हिशोब. फार लॅप या विख्यात घोड्याचं ६.२ किलोचं हृदय तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आजही ठेवलेलं आहे, त्यामुळे मोठ्या हृदयाची भुरळ लोकांना पडणं साहजिक होतं. पण पुढच्या अभ्यासात हा हिशोब टिकला नाही, आणि त्याचं कारण घोड्याच्या घडणीतच आहे. माणसात वीज वाहणारे पुर्किंजे तंतू आतल्या अस्तराखालीच थांबतात, तिथून वीज भिंतीतून बाहेर सरकते, म्हणून भिंत जाड झाली की पट्टीवर कळतं. घोड्यात हे तंतू भिंतीत खोलवर, जवळजवळ बाहेरच्या बाजूपर्यंत जातात. स्नायू शेकडो ठिकाणी एकाच वेळी पेटतो, त्या विजा एकमेकींना खाऊन टाकतात आणि कातडीपर्यंत पोहोचतो तो थोडाच भाग. पट्टीवरून ताल कळतो, आकार नाही. आकार हवा तर सोनोग्राफीचं मशीन लाव. एखाद्या शिंगराची किंमत केवळ पट्टीवर ठरत असेल तर तिथून सही न करता परत ये.

शिंगरांचं निघालंच म्हणून सांगतो. दोन-तीन दिवसांचं नर शिंगरू कुंथतंय, पोट फुगलंय, दूध सोडलंय, तर मूत्राशय फाटल्याची शंका धर. पोटात लघवी साठते आणि रक्तात पोटॅशियम चढतं. भूल देण्याआधी पट्टी काढायलाच हवी. टी टोकदार आणि उंच, पी सपाट, क्यूआरएस रुंद आणि ठोके मंद दिसले, तर सर्जन कितीही घाई करो, भूल देऊ देऊ नकोस. आधी कॅल्शियम, डेक्स्ट्रोज, पोटातली लघवी हळूहळू काढणं, आणि पट्टी सुधारल्यावरच टेबल. या एका कामात ईसीजीनं जीव वाचतात.

आता मोबाइलला जोडायची छोटी उपकरणं मिळतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, तापीकाठच्या त्या गर्दी-गोंगाटात, मोठं मशीन लावणं अवघडच. तिथे कोपरामागे भिजवलेल्या केसांवर हे उपकरण टेकवून एट्रियल फिब्रिलेशन पकडता येतं. मात्र रेघ जरा जास्त वेळ घे, आणि त्याच्यावर उमटलेल्या आकड्यालाही वर सांगितलेलाच नियम लाव: स्वतः मोज.

प्रत्येक पट्टीवर तिथल्या तिथे लिही: घोड्याचं नाव, तारीख, वेळ, लीड, कागदाचा वेग, कामाआधी की कामानंतर, कुठलं औषध दिलेलं होतं का. हा थर्मल कागद उन्हात आणि गाडीच्या डॅशबोर्डवर काही महिन्यांत कोरा होतो. त्याच संध्याकाळी फोटो काढ, घोड्याच्या नावानं जपून ठेव. पुढच्या मोसमात तोच घोडा तुझ्यापुढे उभा राहील, तेव्हा मागची पट्टी शेजारी ठेवूनच नवी वाच.