बाबांची दुनळी

बाबा गेले त्यानंतर आठ महिने त्यांची दुनळी बंदूक आमच्या वर्सोव्यातल्या यारी रोडच्या घरात, आतल्या खोलीतल्या कपाटात तशीच पडून होती. विलायती बाराबोर. आजोबांनी 1938 साली घेतलेली; हिवाळ्यात भाईंदरच्या मिठागरांवर बदकं मारायला ते ती घेऊन जात. घरात तिच्याबद्दल दागिन्यासारखं बोललं जाई. परवाना बाबांच्या नावावर होता आणि तो माझ्या काही कामाचा नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली, परवान्याची शस्त्रं जमा करा म्हणून पोलीस ठाण्यातून बाबांच्या नावाने फोन आला, तेव्हा माझे हातपाय गळाले. आठ महिने मी विनापरवाना बंदूक बाळगून होतो.

1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 21 स्पष्ट आहे. शस्त्र जवळ ठेवणं कायदेशीर राहिलं नाही, की ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो, पण तो मिळेपर्यंत बंदूक घरात ठेवता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारसाने आलेलं शस्त्रही त्यात मोजतात. मी मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना घेऊन गेलो, झालेलं सगळं लेखी दिलं. माझं निभावलं. प्रत्येकाचं निभावेल असं मी म्हणणार नाही.

त्याआधी मी आणखी एक चूक करणार होतो. ओळखीतून एकजण घरी येऊन बंदूक बघून रोख पैसे द्यायला तयार होता. ऐंशीच्या दशकात सामान्य परवानाधारकासाठी बंदुकांची आयात बंद झाली, त्यामुळे जुन्या विलायती मालाला भाव आहे. पण असा घरगुती व्यवहार हा गुन्हा आहे, आणि नुसतं नाव बघून ठरवलेली किंमत खोटी असते.

ते दुसरं मला शस्त्रविक्रेत्याकडच्या म्हाताऱ्या कारागिराने दाखवलं. रीतसर परवानगीने बंदूक तिथे जमा झाली, आणि त्यांनी माझ्यासमोर कापडी खोळ उतरवली. खोळ नळीला चिकटली होती. ओढून काढली तर पोलादावर कापडाची वीण तपकिरी गंजात जशीच्या तशी उमटलेली. वर्सोव्याची खारी हवा कापडात मुरते आणि नळीला धरून बसते. बंदूक खोळीत कधीच साठवू नये. मग त्यांनी नळ्या सुट्या करून एका बोटावर टांगल्या आणि पेनाने टिचकी मारली. घंटेसारखा नाद यायला हवा होता, आला भद्द आवाज. दोन नळ्या जोडणाऱ्या पट्टीचं डाख सुटलं होतं. खिडकीकडे धरून आत बघायला लावलं, तर एका नळीत सावलीचं कडं दिसलं, म्हणजे तिथे नळी फुगली होती.

“साहेब, आता हे बघा,” म्हणत त्यांनी पितळी मापक आत सरकवला. चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, 65 मिलिमीटर. बाबांच्या डब्यातली काडतुसं होती 70 ची.

इथे माणूस फसतो, कारण 70 चं काडतूस त्या चेंबरमध्ये सहज बसतं. काडतुसाची लांबी उडाल्यावर, दुमडलेलं तोंड उलगडल्यावर मोजतात. उलगडायला जागा नसली की तोंड पुढच्या अरुंद भागात अडकतं आणि दाब वाढतो. बाबा अशी किती उडवून गेले असतील, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. म्हणून कोरीवकाम बघण्याआधी नळ्यांच्या बुडाशी सपाट भागावरचे शिक्के वाचा: बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या चाचणीघराचा ठसा, धूरविरहित दारूसाठीची ‘नायट्रो प्रूफ’ची खूण, बऱ्याचदा चेंबरची लांबीही. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी असेल तर ती दमास्कस नळी. ती सहसा काळ्या दारूच्या काळातली. ती भिंतीवरच शोभते.

न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ तिथे अशीच एक जुनी इंग्लिश दुनळी बदकांसाठी घेणार होता. त्याला हे सगळं सांगितलं, आणि वर एक गोष्ट: अमेरिकेत 1991 पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरता येत नाहीत, आणि पोलादी छर्रे जुन्या पातळ, तोंडाशी आवळलेल्या नळ्यांना फुगवतात. बिस्मथचे छर्रे परवडणार असतील आणि त्यांचा दाब नळीला झेपत असेल, तरच घे.

आपल्याकडे तो प्रश्नच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, आणि 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपले. हळदीकुंकू बदक किंवा थापट्या आता दुर्बिणीतूनच बघायचा, आणि मला ते मनापासून योग्य वाटतं. आजोबांना जे कायद्याने चालत होतं त्याचा वारसा मला नको आहे.

तुमच्या कपाटात अशी बंदूक असेल तर आज परवाना बाहेर काढा आणि त्यावरचं नाव वाचा. तो माणूस हयात नसेल, तर बंदूक हातात घेऊन रस्त्यावर निघू नका. उद्या सकाळी पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि ते सांगतील तशी जमा करा. नळीचं नंतर बघता येईल.