आगमनकाळातील चार रविवार, घरातील चार कामे



नाताळ जवळ आला की मंचर-नारायणगावच्या दुकानांत तयार तारे, तयार गोठे आणि खोक्यातले केक दिसू लागतात. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी तासाभरात सगळा नाताळ विकत आणता येतो. ज्यांना वेळ नाही त्यांची त्यामुळे सोय होते, त्यात गैर काही नाही. परंतु विकतच्या नाताळात एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे वाट पाहणे. आणि आगमनकाळ तर वाट पाहण्याचाच काळ आहे. लहान मुलांना नुसते ‘वाट पाहा’ म्हणून सांगितले तर त्यांना ते कळत नाही. हाताला काम दिले म्हणजे कळते.

म्हणून या पाठात चार रविवारांसाठी चार कामे दिली आहेत. बहुतेक साहित्य घरात किंवा शेतात मिळणारे आहे. रविवारी मिस्साहून आल्यावर काम सुरू करावे, आठवडाभर थोडे थोडे करावे आणि रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेत दिलेला उतारा वाचावा.

पहिला रविवार : मेणबत्त्यांचे वर्तुळ

आगमनकाळात वेदीजवळ चार मेणबत्त्यांचे हिरवे वर्तुळ आपण पाहतो. त्याची सुरुवात एका अनाथ व गरीब मुलांच्या आश्रमात झाली. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात योहान विचर्न नावाचे प्रोटेस्टंट पाळक असा आश्रम चालवीत. नाताळ कधी येणार, असे मुले रोज विचारीत. तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल. रोज एक लावायची, म्हणजे मुलांना दिवस मोजता येत. पुढे ही प्रथा कॅथलिक घरांतही आली.

साहित्य : निर्गुडीच्या तीन-चार ओल्या फोका, सुतळी, सुरूचा किंवा अशोकाचा हिरवा पाला, दोन मोठे बटाटे, चार मेणबत्त्या, एक जुने ताट.

कृती : ओल्या फोका एकमेकींत पिळून ताटाएवढे कडे करावे व सुतळीने बांधावे. त्यावर पाला गुंडाळावा. बटाटे उभे कापून चार अर्धे भाग करावेत. सपाट बाजू खाली ठेवून वर मेणबत्तीच्या जाडीचे भोक पाडावे. आपल्या तालुक्यात बटाट्याला तोटा नाही, आणि अशी बैठक घट्ट बसते. बटाटा दर आठवड्याला बदलावा. तीन मेणबत्त्या जांभळ्या व एक गुलाबी असावी. रंगीत नसल्यास पांढऱ्या मेणबत्तीला त्या रंगाची फीत तळाशी बांधावी. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या, म्हणजे आनंदाच्या रविवारी लावायची असते. मोठ्या माणसाने जवळ बसल्याशिवाय मेणबत्ती पेटवू नये. प्रार्थना संपताच ती विझवावी.

वाचन : यशया, अध्याय ९ वा. बोलण्यासाठी प्रश्न : आपल्या घरात सध्या कोण कशाची वाट पाहत आहे?

दुसरा रविवार : कागदाचा तारा

साहित्य : कळकाच्या दोन फुटी दहा कामट्या, पाच इंची पाच काड्या, दोरा, पतंगाचा कागद, मैद्याची खळ.

कृती : पाटीवर हात न उचलता आपण पाच टोकांची चांदणी काढतो, तशा पाच कामट्या एकमेकींवर ठेवून टोके बांधावीत. अशा दोन चांदण्या कराव्यात. एकीवर दुसरी ठेवून पाचही टोके एकत्र बांधावीत. आता आतल्या बाजूला कामट्या जिथे एकमेकींना छेदतात अशा पाच जागा दिसतील. त्या प्रत्येक जागी दोन्ही चांदण्यांच्या मध्ये एक लहान काडी आडवी बसवून बांधावी. तारा लगेच फुगून उभा राहतो. ही गंमत मुलांना स्वतः करू द्यावी. मग पुढे, मागे आणि कडांना कागद चिकटवावा. दिवा आत सोडण्यासाठी एक कड मोकळी ठेवावी.

खळीसाठी दोन चमचे मैदा एक कप थंड पाण्यात गुठळी न राहता कालवावा आणि मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळावा. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत. ते विषारी आहे. मुले काम करणार असतील तिथे घालू नये. आत लहान एलईडी दिवाच लावावा. जुन्या पद्धतीचा बल्ब तापतो आणि कागद पेट घेऊ शकतो.

याच आठवड्यात गोठ्यातील मूर्तींसाठी माती भिजत घालावी. कारण चौथा आठवडा क्वचितच पूर्ण मिळतो. २०२३ साली तर चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आला होता.

वाचन : मत्तय २:१-१२. बोलण्यासाठी प्रश्न : ज्ञानी लोकांनी ताऱ्याकडे पाहून घर सोडले. आपण कोणासाठी घराबाहेर पडतो?

तिसरा रविवार : पातेल्यातला केक

आपल्या आयांच्या काळी रवा, मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत नेत आणि भट्टीतून नानकटाई भाजून आणीत. भट्टीजवळ बसून नंबर येण्याची वाट पाहणे हाही सणाचाच भाग असे. आज घरी ओव्हन नसला तरी जाड बुडाच्या पातेल्यात उत्तम केक होतो.

साहित्य : गव्हाचे पीठ २०० ग्रॅम, चिरलेला गूळ १५० ग्रॅम, दही १५० ग्रॅम, गोडेतेल ८० मिली, दूध सुमारे १०० मिली, बेकिंग पावडर १ चमचा, खाण्याचा सोडा अर्धा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची-जायफळाची पूड, मूठभर मनुका.

कृती : मोठ्या पातेल्यात इंचभर स्वच्छ वाळू किंवा जाड मीठ पसरावे, वर कडे ठेवावे आणि झाकण लावून दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवावे. सात इंची डब्याला तेल लावून आत पीठ भुरभुरावे. दही, गूळ व तेल गूळ विरघळेपर्यंत घोटावे. पीठ, बेकिंग पावडर, सोडा व मीठ दोनदा चाळून त्यात घालावे. लागेल तसे दूध घालून भज्याच्या पिठापेक्षा किंचित सैल करावे. मनुका कोरड्या पिठात घोळवून घालाव्यात, म्हणजे तळाशी बसत नाहीत. मिश्रण डब्यात ओतून डबा लगेच पातेल्यात ठेवावा. मंद आचेवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतात. सुरी खुपसून पाहावी, कोरडी निघाली की केक झाला. कुकर वापरायचा असल्यास रिंग व शिटी काढून ठेवावी आणि आत पाणी घालू नये.

‘लगेच’ का? सोड्याला दह्याचा आंबटपणा मिळाला की वायू तयार होतो व त्याचे बुडबुडे पीठ उचलतात. मिश्रण ठेवून दिले तर वायू निघून जातो आणि केक बसतो. तसेच पहिली तीस मिनिटे झाकण उघडू नये. मुले दर पाच मिनिटांनी ‘झाला का?’ विचारतील. विचारू द्यावे. झाकण मात्र उघडू नये. वाट पाहण्याचा धडा याहून सोप्या रीतीने देता येत नाही.

केक एकच केला तरी त्याचे दोन भाग करावेत. एक घरासाठी आणि एक बाहेर देण्यासाठी.

वाचन : मत्तय १३:३३, पीठ आंबवणाऱ्या स्त्रीचा दाखला. बोलण्यासाठी प्रश्न : न दिसणारे कोणते काम आपल्या घराला वर उचलते? ते कोण करते?

चौथा रविवार : मातीचा आणि पाचटाचा गोठा

नाताळच्या गोठ्याची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्यामुळे रूढ झाली. १२२३ च्या नाताळात इटलीतील ग्रेच्चो गावी त्यांनी खरी गव्हाण, खरे गवत, एक बैल व एक गाढव आणून मिस्सा साजरी करवून घेतली. या घटनेला २०२३ साली आठशे वर्षे झाली. बाळ येशूचा जन्म किती गैरसोयीत झाला हे त्यांना लोकांना डोळ्यांनी दाखवायचे होते.

कृती : भिजवलेली माती चाळून, खडे काढून, थोडा कापूस घालून चांगली मळावी. अंगठ्याएवढ्या मूर्ती पुरेत. मरियामाता, योसेफ, एक मेंढपाळ, बैल आणि मेंढी. नाक-डोळे नीट आले नाहीत तरी मुलांचे हात पुसून आपण सुधारू नये. मूर्ती सावलीत चार-पाच दिवस वाळवाव्यात, उन्हात ठेवल्यास तडे जातात. गोठ्यासाठी काटक्यांचा सांगाडा करून वर उसाचे पाचट बांधावे. गव्हाण २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवावी. घरातील ज्याने दुसऱ्याचे काही काम न सांगता केले, त्याने त्या दिवशी गव्हाणीत एक काडी टाकावी.

पाचटाविषयी आमच्या घरचा एक अनुभव सांगावासा वाटतो. काही वर्षांपूर्वी आमची मुले पाचट आणायला शेताच्या कडेला गेली. तिथे बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या. मुलांनी मूठभर पाचट मागितले. कशासाठी, असे एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीने विचारले. घर करायचे आहे, लहान बाळाचे, असे आमच्या मुलीने सांगितले. ती मुलगी हसली आणि म्हणाली, असे नाही बांधत, वारा आला की उडून जाईल. तिने पाचटाची पेंडी कशी करायची, एकावर एक कशी चढवायची, पीळ कसा द्यायचा ते दाखवले. तिच्या मागे कोपीत तिची आई पंधरा दिवसांच्या बाळाला घेऊन बसली होती.

त्या वर्षीचा आमचा गोठा सर्वांत चांगला झाला. केकचा दुसरा भाग त्या कोपीत गेला. तो देताना आपण काही मोठे करतो आहोत असे वाटले नाही, कारण आधी त्यांनीच आम्हाला दिले होते. परंतु घरी आल्यावर मुलीने विचारले, “ती शाळेत कधी जाते?” मला उत्तर देता आले नाही. मी तेव्हा काही केलेही नाही. हंगाम संपला, कोप्या उठल्या. तो प्रश्न आजही आमच्या गोठ्याशेजारी बसलेला असतो.

म्हणून चौथ्या आठवड्याचे खरे काम असे. गळीत हंगामात आपल्या शेताजवळ कोप्या असतील तर तिथे एकदा जाऊन यावे. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे, वर्षाच्या मध्ये आले तरी आणि दाखला जवळ नसला तरी. हे आईबापांना सांगावे, आणि त्यांची इच्छा असेल तर सोबत शाळेपर्यंत जावे. बाळंतीण असेल तर आशाताईंना कळवावे. यासाठी पैसा लागत नाही, एक सकाळ लागते.

वाचन : लूक २:१-७. बोलण्यासाठी प्रश्न : त्या रात्री ज्यांच्या घरी जागा नव्हती ते सगळे वाईट लोक होते का? की नुसते गडबडीत होते?

चारही कामे जमली नाहीत तरी चालेल. एक तरी घरातील सर्वांनी मिळून करावे. तारा वाकडा झाला, केक एका बाजूने बसला, तरी तो आपल्या घरचा आहे. आणि २४ तारखेच्या रात्री बाळ येशूला गव्हाणीत ठेवताना, आत किती काड्या जमल्या आहेत ते मुलांना मोजू द्यावे.

आपणां सर्वांना आगमनकाळाच्या शुभेच्छा.