दुसऱ्या डावाची तयारी

शिवडी, मुंबई
१८ जानेवारी २०२६

चि. सई हिस,


तुझ्या डेकच्या ६० पानांची यादी मिळाली. मिलानला शिक्षण सांभाळून तू मॅजिकचा पॉपर प्रकार खेळायला लागलीस आणि पहिलाच डेक ग्रेव्हयार्डचा, म्हणजे बाद पानांच्या ढिगातून प्राणी उठवणारा निवडलास, याचा मला आनंद आहे. आजीला मात्र मी त्यातलं काही सांगितलेलं नाही. शिवडीच्या दफनभूमीवरून संध्याकाळी टॅक्सीने जायचं म्हटलं तरी ती नामस्मरण सुरू करते, तेव्हा तू मेलेली धुडं उठवून सामने जिंकणार आहेस हे तिच्या कानावर न गेलेलं बरं.

रमीच्या दोन जुन्या कॅटवर कागद चिकटवून मी तुझी यादी तयार केली आणि आपल्या ओंकारला समोर बसवून रविवारभर खेळलो. माझं मत आधीच सांगून टाकतो. तुझा डेक पहिला डाव बहुतेक वेळा जिंकतो आणि पुढचे दोन हरतो. सामना तीन डावांचा असल्यामुळे तू एकूण हरणारा डेक बांधला आहेस. पहिल्या डावात समोरच्याला तुझा बेत ठाऊक नसतो. दुसऱ्या डावाआधी तो साइडबोर्डमधून ग्रेव्हयार्ड पुसणारी पानं आत घेतो. डेकची परीक्षा होते ती त्यानंतर. म्हणून दुसरा डाव डोळ्यांसमोर ठेवून ही यादी पुन्हा लिही.

हे पत्र तुझी आईही वाचणार, म्हणून तिच्यासाठी चार ओळी. मॅजिक: द गॅदरिंग हा खेळ रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने १९९३ साली आणला. प्रत्येक जण आपला डेक स्वतः बांधतो. त्यात किमान ६० पानं लागतात आणि साध्या जमिनी सोडल्या तर एका नावाची जास्तीत जास्त ४ चालतात. बाजूला १५ पानांचा साइडबोर्ड असतो, त्यातली पानं दोन डावांच्या मधे बदलता येतात. २० प्राणांपासून सुरुवात होते. पॉपर प्रकारात फक्त ‘कॉमन’ दर्जाची पानं चालतात, त्यामुळे तो विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडतो. इटलीत त्याचं वेड एवढं आहे की ‘पॉपरगेडन’ नावाची मोठी स्पर्धा तिथे भरते. ताई, तुझी लेक पैसे लावून खेळत नाही, निर्धास्त राहा.

आता सई, तुझ्याशी. गणपतीच्या जागरणात आपल्या चाळीत रमी आणि मेंढीकोट खेळत तू मोठी झालीस. रमीत टाकलेलं पान हातातून गेलं, उलट समोरच्याच्या उपयोगी पडायची भीती. मेंढीकोटात गेलेली पानं फक्त लक्षात ठेवायची. या खेळात टाकलेलं पान तुझंच राहतं, फक्त ते सगळ्यांना दिसतं. हातातली पानं झाकलेली असतात, पण ग्रेव्हयार्ड समोरचा कधीही चाळून बघू शकतो. म्हणजे तुझा डेक आपला बेत उघड्यावर मांडून ठेवतो. त्याची ताकद तिथे आहे आणि दुबळेपणाही तिथेच.

तुझ्या डेकला तीन कामं करायची आहेत: धूड, म्हणजे मोठा प्राणी, ग्रेव्हयार्डमध्ये टाकायचं, ते उठवायचं आणि त्याच्याकडून मारायचं. उठवण्यासाठी तुझ्याकडे एक्झ्यूमची ४ पानं आहेत. दोन माना, म्हणजे जमिनींतून मिळणारी ताकद, खर्चून प्रत्येक खेळाडूच्या ग्रेव्हयार्डमधला एकेक प्राणी मैदानात येतो. आणि धुडं मात्र तू १२ घातली आहेस. हिशेब बघ. ६० पानांत ४ असतील तर पहिल्या ७ पानांत त्यातलं एक तरी यायची शक्यता साधारण ४० टक्के. ८ असतील तर ६५ टक्के, १२ असतील तर ८१ टक्के. अडचण धुडांची नाही, एक्झ्यूमची आहे. कितीही धुडं वाढवलीस तरी तो ४०चा आकडा हलत नाही. तो हलतो जास्त पानं बघितल्याने. फेथलेस लूटिंगने दोन पानं ओढून दोन टाकलीस, तर पहिली खेळत असतानाही दुसऱ्या फेरीपर्यंत तू १० पानं बघतेस आणि तो आकडा ५३च्या आसपास जातो. लूटिंग तुझ्या यादीत ३ आहेत. ४ कर.

धुडांपैकी उलामॉग्ज क्रशर तुझं लाडकं दिसतं. ८/८चं (हल्ला/बचाव), हल्ला करताना समोरच्याला मैदानावरची दोन पानं सोडायला लावणारं, तेव्हा मोह समजतो. पण ते हातात आलं की अडकून पडतं. स्वतःहून ग्रेव्हयार्डमध्ये जात नाही आणि आठ मानांची वेळ पॉपरच्या सामन्यात क्वचितच येते. क्रशर दोनावर आण. त्यांच्या जागी लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या २०२३च्या संचातले दोन प्राणी घे, ट्रोल ऑफ खझाद-डूम आणि ऑलिफंट, दोन्ही चार-चार. ट्रोल ६/५ आहे आणि त्याला अडवायला तीन प्राणी लागतात. ऑलिफंट ६/४ असून अडवणाऱ्याला तुडवत पुढे जातो. एक माना देऊन ट्रोल टाकला की डेकमधून स्वॅम्प हातात येते आणि ऑलिफंट टाकला की माउंटन. म्हणजे यातलं प्रत्येक पान धूडही आहे, टाकण्याचं साधनही आहे आणि जमीनही. ८ अशी पानं आणि ४ लूटिंग मिळून टाकण्याचं काम १२ पानं करतात, म्हणजे वरच्या हिशेबातले ८१ टक्के. शिवाय जमिनी दोनेक कमी करता येतील.

आता वेळेचं गणित. ओंकारने तुझ्या डेकला सर्वात जास्त सतावलं ते या बाबतीत. तू पहिल्या फेरीत तुझ्याच पाळीत धूड टाकतेस आणि ते उघड्यावर पडून राहतं. समोरच्याने बोजुका बॉग ही जमीन ठेवली की सगळं ग्रेव्हयार्ड साफ. जमीन असल्यामुळे पानं रद्द करणाऱ्या काउंटरस्पेलनेही ती थांबत नाही. पण बॉग त्याला स्वतःच्या पाळीतच ठेवता येते. म्हणून आपली जमीन ठेव, माना राखून ठेव आणि त्याची पाळी संपता संपता ट्रोल टाक. लगेच तुझी पाळी येते, हातात स्वॅम्प आलेली असते, एक्झ्यूम खेळ. धूड त्याच्या डोळ्यांसमोर होतं, पण बॉग ठेवायला त्याला वेळच मिळाला नाही. तसंच जास्तीच्या माना देणारं डार्क रिच्युअल हाताशी असेल तर दुसऱ्या फेरीत दोन जमिनींवर लूटिंग आणि एक्झ्यूम एकाच दमात होतात. धूड ग्रेव्हयार्डमध्ये जितका कमी वेळ राहील तितकं चांगलं. संपूर्ण डेक बांधताना हा नियम धरून चाल.

रेलिक ऑफ प्रोजेनिटसचं वेगळं आहे. ते नुसतं आडवं केलं तर ज्याच्या ग्रेव्हयार्डवर वापरलं तो खेळाडू स्वतः एक पान निवडून बाहेर काढतो. म्हणून तिथे वापरलेलं रिच्युअल किंवा लूटिंग पडलेलं असू दे. ते जाईल आणि धूड वाचेल. रेलिक फोडून सगळी ग्रेव्हयार्डं एकदम पुसायची असतील तर त्याला एक माना शिल्लक ठेवावी लागते. ती माना त्याने खर्च केली आहे का, हे बघून मगच एक्झ्यूम खेळ. फेअरी मकाब्र हातातून फुकट टाकता येतं आणि ग्रेव्हयार्डमधली दोन पानं उडवतं. एक्झ्यूम मात्र आधी कोणाकडे बोट दाखवत नाही, प्राणी परिणामाच्या वेळी निवडला जातो. तीन धुडं पडलेली असतील तर मकाब्रने दोन नेली तरी एक उरतं.

साइडबोर्डबद्दल तुझी चूक बहुतेक नवे खेळाडू करतात. दुसऱ्या डावासाठी तू नऊ पानं बदललीस आणि डेकचा कणाच मोडला. उत्तरं हातात राहिली, पण ज्यासाठी ती हवीत ती धुडं आणि एक्झ्यूम येईनाशी झाली. चार-पाचांपेक्षा जास्त बदलू नकोस. तुझ्या काळ्या-लाल डेकसाठी ड्युरेस घे, त्याने एक्झ्यूमआधी समोरचा हात दिसतो आणि त्यातलं एक पान जातं. रेलिक फोडायला स्मॅश टु स्मिदरीन्स घे. निळ्या डेकच्या काउंटरस्पेलसाठी पायरोब्लास्ट. आत घेताना बाहेर कुठलं जाणार तेही आधीच कागदावर लिहून ठेव. टेबलावर बसून ठरवायला गेलीस तर घाईत नेमकं नको ते पान काढशील.

दुसरा बेतही हवा, पण तो त्याच विहिरीवर पाणी भरणारा नसावा. तू गुर्मॅग अँग्लर ठेवला आहेस. तो स्वस्त पडतो तो ग्रेव्हयार्डमधली पानं खाऊन. म्हणजे ज्या रेलिकने एक्झ्यूम अडतं, त्यानेच अँग्लरही अडतो. काढून टाक. ट्रोल आणि ऑलिफंट लांबलेल्या डावात सरळ सहा मानांत हातातून उतरतात, ग्रेव्हयार्ड साफ असलं तरी. समोरच्याने तीन-चार पानं ग्रेव्हयार्ड पुसण्यावर खर्च केली असतील तर तेवढी त्याची मारायची ताकद कमी झाली आहे. अशा वेळी घाई करू नकोस. जमिनी आण आणि थांब.

सुरुवातीच्या हाताबाबत कडक हो. २०१९पासून नियम असा आहे की हात परत दिला तरी पुन्हा ७ पानं उचलायची आणि प्रत्येक परतीमागे एक पान डेकच्या तळाशी घालायचं. या डेकला तो नियम फार सोयीचा आहे, कारण तुला सात चांगली पानं नकोत, नेमकी तीन हवीत. टाकण्याचं साधन नसलेला सातांचा देखणा हात परत कर. एक्झ्यूम खेळण्याआधी समोरच्याच्या ग्रेव्हयार्डकडेही एकदा बघ, त्याचाही प्राणी उठणार आहे हे विसरू नकोस. त्याचं ग्रेव्हयार्ड रिकामं असताना, म्हणजे लवकर, हे पान दुप्पट किमतीचं असतं.

तुझ्या मित्राने सुचवलेल्या मॉडर्न प्रकारात लगेच उडी मारू नकोस. ग्रेव्हयार्डचे डेक जोरात आले की त्यांच्यावर बंदी येते, हा या खेळाचा इतिहास आहे. जून २०१९मध्ये मॉडर्न होरायझन्स या संचातून होगाक हा प्राणी आला आणि स्पर्धा गिळून बसला. ८ जुलैला ब्रिज फ्रॉम बिलो या पानावर बंदी आली. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून २६ ऑगस्टला होगाक गेला आणि त्याच्याबरोबर फेथलेस लूटिंगही. ज्यांनी त्या उन्हाळ्यात महागडा डेक जमवला त्यांच्या हाती तीन महिन्यांत नुसती पानं उरली. लूटिंग मॉडर्नमध्ये परत यायला डिसेंबर २०२४ उजाडला. गोल्गारी ग्रेव्ह-ट्रोलला २०१५मध्ये मोकळीक मिळाली आणि २०१७मध्ये पुन्हा बंदी. पॉपरमध्येही बंदी येते, पण तिथलं नुकसान परवडतं. कुठलाही डेक विकत घेण्याआधी कागदाच्या पानांनी मित्रांसोबत भरपूर खेळून घे. अधिकृत स्पर्धेत खरीच पानं लागतात, सरावाला नाही.

सरावाची एक पद्धत सांगतो. पहिले डाव खेळणं बंद कर. समोरच्याला सुरुवातीपासूनच ग्रेव्हयार्ड पुसणारी पानं आत घ्यायला सांग आणि फक्त दुसऱ्या डावाचा सराव कर. प्रत्येक हरलेल्या डावानंतर वहीत एकच ओळ लिही, हातात कुठलं पान अडकून पडलं होतं. जे नाव वहीत वारंवार येईल ते डेकमधून काढ, मग ते कितीही आवडतं असो. बदल एका वेळी दोन पानांपेक्षा जास्त करू नकोस, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते कळणार नाही.

आणि टेबलावरची रीत. ग्रेव्हयार्ड नीट पसरून ठेव, समोरच्याने बघायला मागितलं तर लगेच दाखव, पानांची संख्या विचारली तर खरी सांग. तुझ्या धुडाला त्याने वेळेवर अडवलं तर चिडू नकोस. त्याने तुझा अभ्यास केला होता, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेच्या आठवड्यात डेक कपाटात ठेव, हे मी न सांगताही तुला कळतं.

पुढची यादी पाठवशील तेव्हा आधी साइडबोर्डची १५ पानं लिही, प्रत्येकापुढे ते कोणाविरुद्ध आत येणार आणि कुठलं बाहेर जाणार ते लिही, आणि मगच मुख्य ६० लिहायला घे.

तुझा,
शशीमामा