मुळशीच्या पावसात जाड अंगाची निगा

जूनमध्ये पाऊस धरला की पौडपासून ताम्हिणीपर्यंत वलणीवरचा कपडा दिवसच्या दिवस ओला राहतो. कपड्याचं सगळ्यांना दिसतं; अंगाचं कुणी बोलत नाही. अंगाने जाड बाईच्या छातीखाली, ओटीपोटाच्या वळीत, जांघेत, काखेत कातडीवर कातडी टेकलेली असते. तिथे वारा जात नाही, घाम मुरतो, चालताना घासतं. मग लाली, आग, खाज, वास. दाखवायची लाज वाटते, आणि दाखवलंच तर ऐकून घ्यावं लागतं, ‘आधी वजन कमी कर.’ वजनाला महिने लागतील, कदाचित ते उतरणारही नाही. आज जे अंग आहे त्याला आजच नीट अंघोळ, कोरडेपणा आणि मापाचा कपडा मिळाला पाहिजे. पुढची कृती त्यासाठी आहे.

सामान थोडंच लागतं: जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे धुऊन मऊ झालेले तुकडे (आठ-दहा तरी हवेत, कारण ते वाळायला वेळ लागतो), सौम्य साबण, हातात धरायचा आरसा, पेट्रोलियम जेली, झिंक ऑक्साइडचं मलम (तान्ह्या बाळाच्या लंगोटाच्या पुरळावर लावतात तेच), आणि गुडघ्यापर्यंतच्या सुती चड्ड्या.

अंघोळ कोमट पाण्याने करावी. कढत पाण्याने बरं वाटतं, पण कातडी कोरडी पडून जास्त खाजते. एका हाताने वळी उचलावी, दुसऱ्या हाताने साबण फिरवावा आणि भरपूर पाणी ओतून तो पूर्ण काढावा. घासणी किंवा दगड तिथे चालवू नये. वळीतली कातडी पातळ असते, घासलं की सोलवटते. छातीखाली, बेंबीत, ओटीपोटाखाली, दोन्ही जांघांत, काखांत, मानेच्या मागे, गुडघ्यांच्या मागे असा क्रम ठरवून टाकला की एकही जागा सुटत नाही.

आता खरं काम, आणि इथेच सगळ्या घाई करतात. अंग पुसायचं नाही, टिपायचं. कापडाचा तुकडा वळीत दाबून धरावा, उचलावा, कोरडी बाजू पुन्हा दाबावी. मग पाच मिनिटं वारा द्यावा. दार लावून पंख्याखाली उताणं पडावं, पोटाची वळी हाताने वर धरावी. नंतर हात डोक्याखाली घेऊन काखा आणि छातीखालची जागा मोकळी करावी. वीज नसेल तर पुठ्ठ्याने वारा घ्यावा. पाच जणांचा डबा, गुरं, शाळेची बस सांभाळणाऱ्या बाईला सकाळी पाच मिनिटं सापडत नाहीत, हे खरंच आहे. तिने अंघोळ रात्री जेवणं आटोपल्यावर करावी. अंग रात्रभर कोरडं राहतं आणि कुणी हाक मारत नाही.

जिथे घाम सतत साचतो तिथे सुती पट्टी ठेवावी. तुकड्याची दुहेरी घडी करून ती वळीत अशी सरकवावी की दोन्ही टोकं बाहेर दिसतील. आतलं पाणी कापड शोषतं आणि टोकांवाटे ते हवेत जातं. टोकंही आत गेली तर ओलं पोटीस बांधल्यासारखं होतं आणि त्रास वाढतो. पट्टी दमट लागली की बदलायची. पट्ट्या पावसात नीट वाळत नाहीत, म्हणून वापरण्याआधी त्यांच्यावर गरम इस्त्री फिरवावी. ब्रा आणि चड्डीलाही हाच नियम. पावडरीचा मोह टाळावा. ओलसर वळीत तिच्या लोळ्या होतात आणि त्याच कातडीला घासतात. खोबरेल तेलही वळीच्या आत नको, ते ओल कोंडून ठेवतं. आतल्या बाजूला हलकी लाली असेल तर कातडी पूर्ण कोरडी करून झिंकच्या मलमाचा पातळ हात पुरे.

आठवड्यातून एकदा आरसा धरून वळ्या बघाव्यात. नुसती गुलाबी कातडी कोरडेपणाने दोन-चार दिवसांत निवळते. मध्ये लालभडक, ओलसर, आणि कडेने बारीक लाल पुटकुळ्या विखुरलेल्या असतील तर ती बुरशी समजावी. कडा उचललेली, मधे साफ होत बाहेर पसरणारी गोल चकती म्हणजे नायटा. दोन्ही बऱ्या होतात, पण औषध डॉक्टरांनी सांगितलेलं आणि सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावायचं. खाज थांबली की मलम सोडल्यानेच नायटा परत येतो. दुकानातून ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन हे शब्द दिसले तर ती स्वतःच्या मनाने लावू नये. चार दिवस आराम पडतो, मग नायटा आधीपेक्षा दुप्पट पसरतो आणि जांघेची कातडी पातळ होऊन कायमचे चरे उमटतात. सरकारने 2018 मध्ये अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीवरच द्यायचा नियम केला, तो याच कारणाने.

मान काळी पडते त्याबद्दल थोडं सविस्तर. मानेच्या मागे, काखेत, जांघेत कातडी काळसर, जाड, मखमलीसारखी लागते, आणि घरातले म्हणतात मळ आहे, नीट घास. तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसलं की कातडी अशी होते, आणि ही पुढच्या मधुमेहाची आगाऊ सूचना असू शकते. लिंबू, सोडा, दगड यांनी ती उजळत नाही, उलट चिडते. ज्या बाईची मान काळी आहे किंवा वळीतली बुरशी पुन्हा पुन्हा येते, तिने उपाशीपोटी साखर तपासून घ्यावी. तिशीच्या पुढच्या सर्वांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. तिथे जाताना वजनावरून कुणी बोलेल ही भीती असते; तरी जावं, आणि सोबत बहीण किंवा शेजारीण न्यावी.

मांड्या काचतात त्यावर साडीच्या किंवा पंजाबी ड्रेसच्या आत गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी हा सगळ्यात चांगला उपाय. पिरंगुटच्या कारखान्यात किंवा हिंजवडीत दिवसभर उभं राहणं, चालणं असेल तर निघण्याआधी मांड्यांच्या आतल्या बाजूला पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. भातलावणीच्या दिवसांत हे उपयोगी पडत नाही. कंबरेपर्यंत भिजलेला सुती कपडा अंगाला चिकटतो, त्यामुळे वावरातून परतल्यावर चहाच्या आधी कोरडे कपडे. चहा दहा मिनिटं थांबतो.

लावणीत पायांना चिखल्या होतात. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, फुगतात, चिरतात. साध्या पाण्याने पाय धुऊन प्रत्येक बेचकी वेगळी टिपावी आणि रात्री पाय उघडे ठेवावेत. बिब्बा लावू नये; त्याने कातडी भाजून फोड येतात. जाड बाईचा पाय जास्त भार झेलतो, टाच बाजूंना पसरते, म्हणून भेगाही खोल जातात. झोपण्याआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवून वजरी हलक्या हाताने फिरवावी, टाचा टिपून भिरंडेल (कोकमाचं तेल) किंवा पेट्रोलियम जेली चोळावी, वर सुती मोजे घालावेत. भिरंडेल घाट उतरून माणगावच्या बाजूला मिळतं. मधुमेह असेल तर पाय भिजवणं आणि वजरी दोन्ही वर्ज्य, फक्त धुणं, टिपणं आणि टाचेला जेली. पोटामुळे खाली वाकता येत नसेल तर त्यात कमीपणा वाटायला नको: खुर्चीत बसावं, पाय स्टुलावर घ्यावा, लांब दांड्याचा ब्रश वापरावा आणि तळवा बघायला जमिनीवर आरसा ठेवावा.

नाडीचं मात्र मनावर घ्या. परकराची सुतळीसारखी नाडी जाड कमरेत रुतते, आणि साडी सुटू नये म्हणून आपण ती आणखी आवळतो. 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्क बायकांची हकीकत मांडली. एक परकर आवळून बांधायची, दुसरी परकराशिवाय लुगडं. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून जखम झाली, ती भरेना, आणि तिथे कातडीचा कर्करोग निघाला. असं क्वचितच होतं, पण कमरेला काळा, खरखरीत पट्टा पडलेल्या बाया घरोघर आहेत. नाडी काढून दोन बोटं रुंद पट्टी घालावी, गाठ रोज थोडी वर-खाली आणि डावी-उजवी करावी, घरात गाऊन किंवा सैल सलवार घालून कमरेला सुटी द्यावी. कमरेवरची जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही तर डॉक्टरांना दाखवावी.

सणाचं उटणंही जाड अंगाला तितकंच शोभतं. पाऊण वाटी मसूर डाळीचं पीठ, पाव वाटी तांदळाची पिठी (घरच्या आंबेमोहराची कणी असेल तर ती दळून), अर्धा चमचा आंबेहळद, दुधात कालवून हात, पाठ, चेहरा यांना लावावं आणि सुकायच्या आत ओल्या हाताने काढावं. वळ्यांत लावू नये, पीठ अडकून राहतं. पाठीला हात पोचत नाही तिथे मुलीकडून किंवा जावेकडून लावून घ्यावं.

गौरी-गणपतीचं ब्लाऊज श्रावण लागायच्या आत शिवायला टाकावं. माप कपड्यांवरून देऊ नये, आणि जुनं ब्लाऊज मापाला तर मुळीच देऊ नये. ते आधीच काचत असतं. नीट बसणारी ब्रा घालून जावं. ब्राचा पट्टा पाठीवर वर चढत असेल तर घेर मोठा आहे, खांद्यात खाचा पडत असतील तर सगळा भार खांद्याच्या पट्ट्यांवर आलाय. घेर योग्य आणि पट्ट्या रुंद हव्यात. शिंपीणताईंना दंडाचा घेर, मुंढा आणि पाठीची उंची वेगळी घ्यायला सांगावी. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवून घ्यावी, म्हणजे अंग कमी-जास्त झालं तरी उसवून पुन्हा बसवता येतं. अस्तर सुती. घालून बघताना आरशासमोर नुसतं उभं राहू नये: दोन्ही हात वर करावेत, खाली वाकून काही उचलल्यासारखं करावं, जमिनीवर मांडी घालून बसावं. मुंढा काखेत रुतला किंवा हुक ताणला तर ब्लाऊज तिथेच परत द्यावं.